बिल्लो ऊर्फ मनी

आमच्या मोहल्ल्यात मांजरं कुणी पाळत नाही, ती नुसती असतात. मशिदीच्या हौदाजवळ, मटणाच्या दुकानाच्या फळीखाली, उरुसाच्या मांडवात. त्यांना कुणी दगड मारत नाही, पण आजारी पडली म्हणून दवाखान्यातही कुणी नेत नाही. मुसलमान घरांत मांजराबद्दल एक आपुलकी असते, तिची पोच साधारण इथपर्यंतच.

या आपुलकीमागे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पैगंबरांच्या झग्याच्या बाहीवर मुएज्झा नावाची मांजर झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाहीच कापली. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या ग्रंथांत ती सापडत नाही. ग्रंथांत आहेत त्या वेगळ्या दोन, आणि मला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अबू कतादा यांची. सुनेने त्यांच्यासाठी वजूचं पाणी ओतलं. तेवढ्यात मांजर आलं. त्यांनी भांडं तिरपं करून आधी मांजराला पिऊ दिलं. सून बघतच राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं की पैगंबरांनी मांजराला नापाक मानलेलं नाही. ती आपल्या भोवती फिरणाऱ्यांपैकी आहे. मूळ अरबी शब्द आहे ‘तव्वाफीन’. काबागृहाच्या ‘तवाफ’चा आणि त्याचा धातू एकच.

दुसरी हदीस कडक आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, त्याला खायला दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. ते मेलं. त्यापायी ती बाई दोजखची धनी झाली. मदरशात लहानपणी ही हदीस ऐकताना मला फक्त भीती वाटायची. तिचा अर्थ नीट लागायला 2023चा जून उजाडावा लागला.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. बार्शीत जून अर्धा सरला तरी अंगाची लाही होत होती. 18 जूनच्या रविवारी दुपारी माझी मुलगी गल्लीतल्या पाण्याच्या टाकीमागून दोन पिल्लं ओढणीत गुंडाळून घेऊन आली. त्यांची आई दोन दिवसांपूर्वी टेम्पोखाली गेली होती. दोघांचेही डोळे पिवळट चिकाने गच्च बंद, नाक भरलेलं, अंगभर पिसवा. बाहेर एवढा उकाडा, पण पिल्लं हाताला गार लागत होती.

शेजारच्या काकूंनी लगेच वाटीत गाईचं दूध आणलं. सासूबाई आतूनच ओरडल्या, “दूध नक्को पिलाव उसकू, पेट जाएगा!” त्यांच्या माहेरी शेळ्या होत्या, त्यामुळे लहान जिवांचं त्यांना कळतं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. गाईचं दूध पिल्लांना बाधतं, जुलाब लागतात, आणि अंगातलं पाणी आधीच कमी झालेल्या पिल्लाला जुलाब म्हणजे मरणच. शिवाय गार पडलेल्या पिल्लाला काहीच भरवायचं नसतं. आधी ऊब, मग अन्न. थंड शरीराला पचवता येत नाही. आम्ही पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरलं, ती जुन्या सुती ओढणीत गुंडाळली आणि दोघांना खोक्यात तिच्या शेजारी ठेवलं. बाटली थंड झाली की पुन्हा भरायची.

मग सासूबाईंनी मला विचारलं, “घर में लाए ना? दरवाजा बंद करे ना? अब इनका हक तुम्हारे पर.”

पहाटेपर्यंत एक गेलं. भुऱ्या रंगाचा बोका होता तो. मुलीने विचारलं, “याची नमाज नसते का?” मी नाही म्हणाले. “मग दुआ?” दुआला कोण अडवणार? परसातल्या कडुनिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. राहिलेली, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली पिल्ली घेऊन मी सकाळी जनावरांचा दवाखाना गाठला.

बकरीद तोंडावर आलेली. दवाखान्यासमोर बोकडांची रांग. कुणाचा पाय सुजलेला, कुणाचं पोट फुगलेलं. घेणाऱ्यांना जनावर निरोगीच हवं, कारण आजारी किंवा लंगड्या जनावराची कुर्बानी होत नाही. त्या सगळ्यांत मी, हातात चपलेचं खोकं. एका शेतकऱ्याने डोकावून पाहिलं आणि “ताईंना पुढं जाऊ द्या, ते लई बारीक हाय” म्हणत स्वतःचा बोकड मागे ओढला.

डॉक्टरांनी दात पाहून वय सांगितलं, पाचेक आठवडे. वजन 310 ग्रॅम, या वयाला पाचशेच्या वर हवं. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर बसायला वेळ लावत होती. हे शरीर सुकल्याचं लक्षण. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं आणि पिल्लाच्या पाठीवर उंटासारखा उंचवटा आला. तासा-दोन तासांत तो जिरला. आजार मांजरांमधला सर्दीचा विषाणू, त्यावर जंतुसंसर्गाची भर. अँटिबायोटिकचे थेंब दिले, डोळ्यांचं मलम दिलं, आणि एक गोष्ट दोनदा बजावली: घरातलं तापाचं पॅरासिटामॉल चुकूनही द्यायचं नाही. माणसाचं ते साधं औषध मांजराला विष आहे.

पुढचे दहा दिवस घर पिल्लाच्या घड्याळावर चाललं. दर तीन तासांनी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे, चीक मऊ झाला की मलम. नाक मोकळं व्हावं म्हणून न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याची बादली ठेवायची आणि वाफेत दहा मिनिटं तिला मांडीवर घेऊन बसायचं. हे नाकाचं प्रकरण महत्त्वाचं, कारण मांजराला वास आला नाही तर ते खात नाही. म्हणून चिकन मीठ-कांदा-लसूण न घालता उकडायचं, बारीक वाटायचं, वास उठेल इतपत कोमट करायचं आणि सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या कडेने थेंब थेंब द्यायचं. पिल्लू पालथंच धरायचं. उताणं धरलं तर अन्न फुप्फुसात जातं. एवढ्या लहान जिवावर पिसवांची पावडर चालत नाही, म्हणून मुलीच्या उवांची फणी कामाला आली. फणीत आलेली प्रत्येक पिसू साबणाच्या पाण्यात.

तिसऱ्या दिवशी पिल्लीने मुलीच्या हातावर चांगलाच ओरखडा काढला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि रेबीजच्या लशीचा कोर्स सुरू केला. दया वेगळी, निष्काळजीपणा वेगळा. मुलीने वहीत दोन रकाने आखले: एकात पिल्लाचं वजन, दुसऱ्यात स्वतःच्या इंजेक्शनांच्या तारखा. वजनाच्या रकान्यात 310, 305, 305. चौथ्या दिवशी 302. त्या रात्री आम्ही कुणी फारसं बोललो नाही. मुलीने मात्र पुढच्या दिवसाची तारीख लिहून ठेवली होती.

जिलहिज्जाचा महिना लागला होता. सासूबाई पहिले नऊ रोजे धरतात. त्या सहरीला उठायच्या तेव्हा पिल्लाच्या पहाटेच्या घासाची वेळ झालेली असायची. मी उठेपर्यंत त्यांनीच ते उरकलेलं असायचं. “जानमाज पे बाल नक्को” म्हणून कुरकुरणाऱ्या त्याच. पाचव्या दिवशी काटा 311वर आला. एक डोळा उघडला, मग दुसरा, दोन्ही निळे.

असंच एका संध्याकाळी काकू ओट्यावर आल्या. त्या वारकरी घरातल्या, काका दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर. पिल्लाकडे बघत त्यांनी विचारलं, “एक विचारू? राग नको मानूस. याच्यासाठी रात्र-रात्र जागता, आणि चार दिवसांनी बोकड कापणार. हे कसं जमतं गं?”

हा प्रश्न मला फेसबुकवर अनेकदा भेटला आहे. तिथे तो विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. काकूंना हवं होतं. चाळीस वर्षांच्या शेजाराने त्यांना तो विचारायचा अधिकार दिला आहे. मी म्हटलं, जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही, एकाच्या देखत दुसऱ्याला कापायचं नाही, त्याला त्रास कमीत कमी व्हावा, असे आमच्यात नियम आहेत. काकू म्हणाल्या, “ते असेल. पण जीव तर जातोच ना?” जातोच. त्यावर माझ्याकडे टाळ्या घेणारं उत्तर नव्हतं. मी मांस खाते, आणि या पिल्लाला जगवायचं तर कोंबडीही शिजवावी लागते, हे मी त्यांना सरळ सांगितलं.

सासूबाई मध्येच बोलल्या, त्यांच्या मोडक्या मराठीत. “मारणं-जगवणं वरच्याचं. आपल्याला विचारणार ते येवढंच: तुझ्या दारात होतं तवर त्याला काय केलंस?” बोकड असो वा मांजर, दावणीला बांधलं, दार लावलं, की त्याची भूक आणि तहान आपली झाली. मांजर कोंडणाऱ्या त्या बाईची हदीस तेव्हा मला उलगडली. जगातलं प्रत्येक मांजर तिच्या गळ्यात नव्हतं, जे कोंडलं तेच होतं. काकूंचं यावर पूर्ण समाधान झालं असं मला वाटत नाही. पण जाताना त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “मने, बरी हो गं.”

29 जूनला ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुसलमानांनी कुर्बानी पुढे ढकलायचं ठरवलं, आमच्या मोहल्ल्यातही तसंच ठरलं. ईदची नमाज झाली, शेवया झाल्या, काकूंकडून साबुदाण्याची खिचडी आली. वजनाच्या रकान्यात 395 होतं आणि पिल्लू स्वतःहून बशीवर तुटून पडत होतं. त्या दिवशी दोन्ही घरांत मिळून मांसाहारी तेवढी एकटी तीच. तिचं चिकन संपल्यावर बशी विसळायला काकूंनीच उचलली. मी “अहो, उपास आहे तुमचा” म्हणत हात पुढे केला. त्या म्हणाल्या, “मी खातेय थोडंच?”

डोळे पुढे हिरवट झाले, लसी झाल्या. सहाव्या महिन्यात सोलापूरला नेऊन नसबंदी करून आणली, कारण एका मांजरीची पोरं-नातवंडं सांभाळायला आमची गल्ली अपुरी पडली असती. आता ती आमच्याकडे बिल्लो आणि काकूंकडे मनी. पंचमीला तिकडे, जुम्याला इकडे, आणि बांगडे आले की दोन्ही नावांना ओ देते. सासूबाई वजूला बसल्या की त्यांच्या पायांभोवती फेऱ्या घालते. त्या मोजतात. सात झाल्या की म्हणतात, “हो गया तेरा तवाफ, अब चल,” आणि बदन्यातलं थोडं पाणी तिच्या वाटीत ओततात.