टिक्स असलेल्या मुलाला एडीएचडीचे औषध

एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा) आणि टिक्स (आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली किंवा आवाज) एकत्र आढळणे ही बालमानसोपचारातली नेहमीची बाब आहे. टुरेट सिंड्रोम या टिक्सच्या विकारासाठी दवाखान्यात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांना एडीएचडीही असते. बहुतेकांत आधी चंचलपणा दिसतो, मग पाच ते सात वर्षांच्या सुमारास डोळे मिचकावणे, खांदे उडवणे, घसा खाकरणे सुरू होते. आमच्या मुलाचेही असेच झाले. पहिलीत ‘एका जागी बसत नाही’ ही शाळेची तक्रार होती, दुसरीत डोळ्यांची उघडझाप सुरू झाली. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत दोष नसल्याचे सांगितल्यावर टिक्सचे निदान झाले.

एडीएचडीवर सर्रास वापरले जाणारे उत्तेजक औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. ते 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तयार झाले आणि 1954 पासून रिटालिन नावाने विकले जाऊ लागले. मेंदूतील डोपामाइन परत शोषले जाण्याची क्रिया ते रोखते. त्यामुळे लक्ष टिकते, उतावळेपणाला आवर बसतो. उलट, डोपामाइनला अडवणाऱ्या औषधांनी टिक्स कमी होतात. म्हणून उत्तेजकाने टिक्स वाढतील, ही भीती तर्काला धरून होती. टिक्स असलेल्यांना हे औषध देऊ नये, असे माहितीपत्रकातही अनेक वर्षे छापलेले असे.

प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र ही भीती फारशी खरी ठरली नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही विकार असलेली 136 मुले 16 आठवडे निरीक्षणाखाली होती. टिक्स वाढल्याची तक्रार मिथाइलफेनिडेटच्या गटात 20 टक्के, क्लोनिडिन या दुसऱ्या औषधाच्या गटात 26 टक्के, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 22 टक्के मुलांबाबत आली. टिक्स मुळातच कमी-जास्त होत राहतात आणि दहा ते बारा या वयात सर्वाधिक असतात. औषधही साधारण शाळेच्या याच वर्षांत सुरू होते, त्यामुळे वाढीचा दोष सहज गोळीवर येतो. तरीही एखाद्या मुलात टिक्स खरोखर वाढू शकतात; म्हणून सुरुवात छोट्या मात्रेने करून ती हळूहळू वाढवतात.

अशा वेळी नोंदवही फार उपयोगी पडते. आमच्या घरी डॉक्टरांच्या सूचनेवरून गोळी सुरू होण्याआधीच ती ठेवली होती. टिक्स, अभ्यास, भूक आणि झोप असे चार रकाने होते. औषध सुरू झाल्यावर मुलाचे मान झटकणे वाढले. पण गोळीच्या आधीही, परीक्षेच्या आणि सर्दीतापाच्या दिवसांत, तशीच वाढ झाल्याचे वहीत होते. डॉक्टरांनी मात्रा तेवढीच ठेवून वाट पाहिली आणि मान झटकणे ओसरले. गणिताचे एक पान एका बैठकीत पुरे होऊ लागले, हा बदलही त्याच वहीत आहे.

भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. दुपारचा डबा अर्धा परत येऊ लागला, तेव्हा गोळीआधी पोटभर नाश्ता आणि औषधाचा असर उतरल्यावर संध्याकाळी नीट जेवण, अशी व्यवस्था उपयोगी पडली. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब ठरावीक काळाने तपासावे लागतात. भारतात हे औषध शेड्यूल एक्समध्ये असल्याने चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. ते प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून गोळ्या संपण्याआधीच तजवीज करावी लागते.

उत्तेजक मानवले नाही, तर क्लोनिडिन, ग्वानफॅसिन किंवा ॲटोमोक्सेटिन हे पर्याय असतात. क्लोनिडिनने सुस्ती येते, आणि ते एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो. टिक्ससाठी वर्तनोपचारही आहे. त्यात टिक येण्याआधीची ऊर्मी ओळखून तिला रोखणारी दुसरी हालचाल करण्याचा सराव मुलाला देतात.

आधी उपचार कशावर करायचे, हे मुलाला जास्त त्रास कशाचा होतो यावर ठरते. डोळे मिचकावणे बघणाऱ्याला खटकते, पण मुलाला त्याचे काही वाटत नसेल तर त्यावर औषध लागत नाही. अभ्यास आणि मैत्री मात्र लक्ष न टिकल्याने अडत असेल, तर केवळ टिक्स आहेत म्हणून त्याला एडीएचडीच्या औषधापासून वंचित ठेवणे योग्य नाही.