चाळीस सेकंद

मित्राचा अल्बम आला त्या रात्रीच मी 'भारी झालाय' असा मेसेज टाकला. ऐकला होता ४० सेकंद. स्पॉटिफायवर ३० सेकंदांनंतर 'ऐकलं' असं मोजतात, त्यामुळे हिशेबात मी श्रोता होतोच.

पहिला ट्रॅक अकरा मिनिटांची नुसती खडखड. (१९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफेरनं रेल्वेच्या आवाजांतून रचना केली होती, हे ह्यानंच सांगितलेलं. तेव्हाही मी मान डोलावली होती.) वाटलं, पोरगं वाया गेलं.

महिन्याभरानं बसमध्ये तो ट्रॅक पूर्ण ऐकला. सातव्या मिनिटाला खडखड एकदम थांबते आणि कुणीतरी म्हणतं, "लाईट गेली बघ." काकांचा आवाज. म्हणजे हे इचलकरंजीतले त्यांचे चार माग. गेल्या दिवाळीत ते भंगारात गेले, त्याआधी ह्यानं सगळं फोनवर रेकॉर्ड केलं असणार. मग बराच वेळ काहीच नाही, लांब एक कुत्रं. आणि एकेक माग पुन्हा सुरू होतो.

उतरल्यावर फोन केला. "ऐकला रे."

"परत?"

"नाही. पहिल्यांदाच."

"माहितीये," तो म्हणाला. "बाबांनी तरी कुठं ऐकलाय अजून."