छोटा हत्ती आणि लोड बॅलन्सिंग

रविवारी कल्याण-बदलापूर रोडवर दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी संसार जाताना दिसतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून पलंग, सोफा, कपाट घ्यायचं, छोट्या हत्तीत टाकायचं आणि अंबरनाथमार्गे बदलापूरच्या नव्या फ्लॅटवर न्यायचं. अंतर दहा-बारा किलोमीटर. एवढ्याशा अंतराला काय विचार करायचा, असं सगळ्यांनाच वाटतं.

आता गंमत बघा. "किती वजन बसेल?" हा प्रश्न सगळे विचारतात. "कुठे ठेवायचं?" हा कुणीच विचारत नाही. २००५ साली टाटा एस आली, तिची क्षमता साधारण ७५० किलो. नवं फर्निचर सहसा तेवढं भरत नाही. म्हणजे कागदावर सगळं ठीक!

पण थोडं गणित करू (शाळेतला सी-सॉ आठवा). पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.१ मीटर. शंभर किलोचं लोखंडी कपाट सगळ्यात शेवटी चढवलं आणि त्याचा मध्य मागच्या चाकांच्याही ६० सेंटिमीटर मागे आला. तर मागच्या चाकांवर १०० नाही, जवळजवळ १२९ किलो भार येतो. वरचे २९ किलो आले कुठून? पुढच्या चाकांवरून! आणि स्टिअरिंग तर पुढचीच चाकं करतात. अशी तीन-चार धूडं मागे लटकवली की पुढची चाकं शंभरेक किलोने हलकी होतात. मग उड्डाणपुलाच्या चढावर किंवा स्पीडब्रेकरवर ड्रायव्हर म्हणतो, "गाडी हातात येत नाहीये."

आपल्याकडे टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून नेणे. परदेशात लोक हौसेने अख्खं घरच टोचन करून फिरतात, ते कॅरॅव्हॅन. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ह्या ओढायच्या घरालाही तोच नियम आहे, फक्त शिक्षा जास्त कडक. वजन चाकांच्या मागे गेलं की कॅरॅव्हॅन पुढच्या गाडीचं शेपूट वर उचलते. वेग वाढला की ती डावीकडे-उजवीकडे डुलायला लागते, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. घाबरून स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तर संपलंच. एक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. म्हणून तिकडे जड सामान चाकांच्या वर किंवा जरासं पुढे, तेही जमिनीलगत ठेवतात.

आपल्या टेम्पोतही तेच करायचं. सगळ्यात जड वस्तू आधी चढवा, केबिनला चिकटून, खाली. फ्रिज एका बाजूला तर वॉशिंग मशीन दुसऱ्या बाजूला. गाद्या, खुर्च्या वर आणि मागे. आम्ही ऑफिसात दिवसभर लोड बॅलन्सिंगच्या गप्पा मारतो, ते खरं इथे असतं :)

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. सामानावर बसलेला पोरगा. का? तर "कपाट धरायला." अहो, पन्नासच्या वेगात करकचून ब्रेक लागला तर ते शंभर किलोचं कपाट सहज ६० किलोच्या जोराने पुढे येतं. म्हणजे त्या पोराच्या स्वतःच्या वजनाएवढा धक्का, आणि पोराला धरायला काहीच नाही! धरायला माणूस लागतोय ह्याचा अर्थ एकच, सामान बांधलेलं नाही. भाड्यात शंभर-दोनशेची घासाघीस करून आपण नेमका दोरीचा वेळ वाचवतो. जास्तीची दहा मिनिटं द्या, दोर आडवे-उभे, कोपऱ्यांतून फुलीसारखे बांधून घ्या, आणि त्या पोराला रिक्षाचे पैसे द्या.

शेवटचं. निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर गाडी बाजूला घ्यायला सांगा आणि दोर हाताने ओढून बघा. खड्ड्यांमध्ये सामान बसतं, नायलॉनचा दोर ताणतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा तो सैल झालेलाच असेल. ड्रायव्हर जरा वैतागेल, वैतागू दे. परत आवळून घ्या आणि मग पुढे जा.