आठ दातांची शेळी

मी बी.कॉम. झालेला कारकून. मोजणे हा माझा पोटाचा धंदा. त्याच मोजण्याने 2022 साली माझ्या विधवा थोरल्या बहिणीचे नुकसान झाले, ते सांगतो.

आक्काने बचत गटातून कर्ज काढून शेळी घ्यायचे ठरवले. शिकलेला भाऊ म्हणून बाजारात मला धाडले. एका हेड्याने काळी उस्मानाबादी शेळी पुढे केली, खालचा ओठ दाबून दात दाखवले. मी मोजले. पुरे आठ! म्हणजे भरात आलेली शेळी, असे समजून 9 हजार रुपये देऊन टाकले.

घरी आक्काच्या सासूबाईंनी शेळीचे तोंड पाहिले, मग माझे.

"पाव्हणं, दात मोजलं व्हय? बघितलं न्हाईत."

अंगणातच शिकवणी सुरू झाली. शेळीला पुढचे दात फक्त खाली. वर नुसती टणक हिरडी. दुधाचे आठ दात बारीक असतात. साधारण सव्वा-दीड वर्षाला मधले दोन पडून रुंद दात येतात, ती दोन दाती. पुढे वर्षाला एकेक जोडी. चौथ्या वर्षाच्या सुमारास आठही जुळतात. मोजणी इथवरच चालते. त्यानंतर दात झिजतात, निमुळते होतात, त्यांत फटी पडतात, मग हलतात आणि तुटतात. जमिनीलगतचे खुरटे गवत खाणाऱ्या शेळीचे लवकर झिजतात, कारण घासाबरोबर माती जाते. आमच्या शेळीचे आठही दात शाबूत, पण फटीतून काडी जाईल असे. सासूबाईंच्या मते सात-आठ वर्षांची तरी असेल.

पुढच्या दातांवाचून एक वेळ निभते. शेळी ओठांनी, जिभेने पाला ओढते. खरी गिरणी मागे, दाढांची. आठ दिवसांत ती कडब्याचे अर्धवट चावलेले बोळे खाली टाकू लागली. हनुवटीला हिरवी लाळ. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गालावरून बाहेरूनच दाढा चाचपल्या, तशी तिने मान झटकली. दाढा कमीजास्त झिजून धारदार झाल्या होत्या, गालाला आतून कापत होत्या. (तोंडात बोट घालू नका, असे त्यांनी मला दोनदा बजावले. माझा चेहराच तसा असावा.)

मी म्हणालो, पुढच्या बाजारी विकून टाकू. आक्का भडकली. "मला फसवलं, आता म्या दुसऱ्या बाईला फसवू व्हय?"

तिने शेळी वेगळी बांधली, कारण इतर शेळ्या तिला खाऊ देत ना. बारीक कुट्टी, शेवरीचा कोवळा पाला, भिजवलेला कोंडा. भरडा थोडाथोडाच, एकदम दिला तर पोट बिघडते. त्यावर ती तगली, व्याली, एक पाट झाली. दूध बेताचेच. कर्जाचे दोन हप्ते मी भरले, ते आक्काने वहीत माझ्या नावावर उसने म्हणून मांडून ठेवले.

नंतर दुसरी शेळी घ्यायची वेळ आली. आक्काने मला बाजारात नेले खरे, पण पैशांची पिशवी सासूबाईंच्या कमरेला होती.