पुलाआधी मोजणी

सणासुदीला वडोदऱ्यातल्या रावपुऱ्याचा रस्ता तुंबला की शेजारचा कुणीतरी हमखास म्हणतो, "वरून एक पूल टाका, मोकळं होईल सगळं." वाहतूक नियोजनाच्या कामात आयुष्य घातलेल्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो तो असा, की ही वाहनं निघाली कुठून आणि चालली कुठे?

खंडेराव मार्केटला भाजी, मंगळबाजारात कापड, पोस्टात काम आणि न्यायमंदिराच्या आसपास उरलीसुरली खरेदी, अशा कामांसाठी आलेल्या माणसाचा प्रवास रावपुऱ्यातच संपतो. त्याची स्कूटर कडेला तिरकी उभी राहते, पुढचा रिक्षावाला सवारी घ्यायला मध्येच थांबतो, आणि हातगाडीला वळसा घालताना मागची रांग खोळंबते. डोक्यावरून जाणारा रस्ता यांपैकी कुणाच्याच उपयोगाचा नाही. तो उपयोगी पडतो पेठ ओलांडून पलीकडे जाणाऱ्याला. अशी वाहनं किती, हे मोजल्याशिवाय पूल मागणं म्हणजे ताप न पाहता औषध देणं.

बाहेरून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला वेगळा रस्ता हवा, यात शंका नाही. 93 किलोमीटरचा अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्ग अशाच लांबच्या प्रवासासाठी बांधला गेला. शहराच्या पोटातल्या रस्त्याचं गणित मात्र वेगळं असतं. 25 डिसेंबर 2022 रोजी गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा अटल पूल खुला झाला. खर्च सुमारे 230 कोटी. मधल्या चौकांवरून सुटका झाली, हे खरं. पण अशा कुठल्याही पुलाची खरी परीक्षा तो जिथे जमिनीवर उतरतो तिथे होते. सिग्नल सतत हिरवा राहिला, तर एका लेनमधून तासाला साधारण 1,800 मोटारी सुटतात. त्या बाजूला हिरवा दिवा एक तृतीयांश वेळच मिळत असेल, तर आकडा 600 वर येतो. वर रस्ता कितीही रुंद करा, खालचा चौक त्याहून जास्त वाहनं सोडत नाही.

पुढचा विचार न करता पूल बांधल्याची किंमत पुण्याने मोजली आहे. गणेशखिंड रस्त्यावरचा विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2006 च्या सुमारास बांधला आणि जुलै 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडला. पंधरा वर्षांनंतर काय लागेल, याचा विचार आराखड्यात कुठे होता? अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 मध्ये काही ठिकाणी जोडरस्ते धरून 26 लेनचा झाला, तरीही 2011 ते 2014 या काळात संध्याकाळच्या प्रवासाचा वेळ निम्म्याहून अधिक वाढला. रस्ता मोकळा दिसला की टाळलेले प्रवास सुरू होतात, लोक लांब राहायला जातात आणि जागा पुन्हा भरते.

वडोदऱ्यासाठी तर आधी मोजून मगच बांधण्याचा विचार परका नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1916 साली, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी या शहराच्या विकासावर अहवाल दिला. भारतातल्या आपल्या कामात जुन्या वस्त्या चिरून सरळ रुंद रस्ते काढण्याला त्यांनी पुन्हा पुन्हा विरोध केला. आधी नीट पाहणी, मग नेमकी आणि लहान दुरुस्ती, हा त्यांचा आग्रह. 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही वाहनांपेक्षा माणसं हलवण्यावर भर देतं, आणि भरलेली बस एका लेनमध्ये जेवढी माणसं नेते तेवढी मोटारींची रांग नेऊ शकत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निविदा काढण्याआधी रावपुऱ्यात एक कामाचा दिवस आणि एक सणाचा दिवस धरून वाहनचालकांना विचारावं, कुठून आलात, कुठे चाललात. ती आकडेवारी नगरजनांसमोर ठेवावी. पार जाणारी वाहनं खरोखरच बहुसंख्य निघाली, तर पुलाची चर्चा जरूर करू. नाहीतर तोच पैसा आधी नियमित बससेवा, पेठेच्या कडेला पार्किंग आणि चालता येईल असा फूटपाथ यांवर खर्च व्हावा.