जखमेला हवा

अम्मीच्या अंगठ्याजवळ चप्पल लागून फोड आला आणि फुटला. साखरेमुळे पाय बधिर, त्यामुळे तिला दुखलंच नाही. आमच्या लक्षात येईपर्यंत चार दिवस गेले. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: उघडी ठेवा, हवा लागली की सुकेल. शाळेत मुलांच्या फुटलेल्या गुडघ्यांनाही आम्ही वर्षानुवर्षं हाच सल्ला देत आलो होतो.

डॉक्टरांनी आम्हाला वेड्यात काढलं. मग आम्ही वाचू लागलो. लंडनचे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच हे तपासून पाहिलं होतं. काही उथळ जखमा त्यांनी उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. त्वचेच्या पेशी जखमेच्या कडांवरून आणि केसांच्या मुळांतून सरकत येतात. ओल असली की त्या सरळ पुढे जातात. खपली धरली की तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. (प्रयोग डुकरांवर केला होता, कारण त्यांची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच जुळते. हे ऐकून अम्मीने तोंड वाकडं केलं, पण ऐकत राहिली.)

मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांचं काम मात्र तिला आवडलं. भाजलेल्या जखमांवर त्यांनी निर्जंतुक केलेलं केळीचं पान लावून पाहिलं. गॉज काढताना कोवळी त्वचाही सोलून येते. पान गुळगुळीत, चिकटत नाही, आणि स्वस्त.

तरीही अम्मीची पट्टी टिकेना. कारण फार उशिरा कळलं. ती पाचही वेळा वुजूसाठी पट्टी सोडून पाय धूत होती! शेवटी आम्ही मशिदीतल्या मौलानांना घरी बोलावलं. पाण्याने जखमेला अपाय होत असेल तर पट्टीवरून ओला हात फिरवा, मसह पुरेसा आहे, असं त्यांनी समजावलं. आमचं तिने ऐकलं नव्हतं, त्यांचं ऐकलं.

जखम भरायला अडीच महिने लागले. आता रोज इशानंतर आम्ही बॅटरी घेऊन तिचे तळवे पाहतो. गुदगुल्या होतात म्हणून ती पाय ओढून घेते. तळव्यांना तिला काहीच कळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.