आई मावेल एवढी चौकट

घरात बाळ येणार असलं की आठव्या महिन्याच्या सुमारास कपाटावरचा कॅमेरा खाली उतरतो. लग्नाच्या वेळी हौसेने घेतलेला, नंतर एकदा महाबळेश्वरला आणि एकदा गणपतीत बाहेर निघालेला. सोबत आलेली १८-५५ची झूम लेन्स अजून त्याच्या तोंडावरच असते. होऊ घातलेला बाप मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लेन्सांचे व्हिडिओ बघत बसतो आणि शेवटी माझ्यासारख्या कुणाला तरी फोन करतो, ‘‘काका, बाळासाठी कुठली लेन्स घेऊ?’’ मला या प्रश्नाचं फार कौतुक वाटतं. अंगडी-टोपडी आजीने शिवलेली असतात, दुपटी मावशी आणते, वाळे-मनगट्या आत्याकडून येतात. बापाने आणायचं असं काही उरलेलंच नसतं. तेव्हा बाळंतविड्यातला त्याचा वाटा म्हणजे ही लेन्स.

मी उलट विचारतो, ‘‘बाळ-बाळंतीण कुठल्या खोलीत असणार? खोली केवढी आहे?’’

पलीकडे जरा शांतता. काकांना हल्ली कमी ऐकू येतं की काय, अशा जातीची. पण लेन्सचा हिशेब तिथूनच सुरू होतो. आपली बेडरूम दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. त्यात डबल बेड, कपाट, आता पाळणा, आणि पावसाळ्याचे दिवस असले तर लंगोट वाळत घातलेला स्टँड. भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी पलंगावर बसलेली बाळंतीण आपल्यापासून जेमतेम अडीच मीटरवर. एवढ्या अंतरावरून घराघरांत असतो तसल्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावली, तर तिला आडवं सत्तर सेंटिमीटर दिसतं. आईचा चेहरा आला, खांदे आले, संपली चौकट. मांडीवरचं बाळ बाहेर. ५०ची लेन्स तिथूनच सव्वा मीटरच्या थोडं आत बघते. आणि ३५ची पावणेदोन मीटरच्या जवळपास. तिच्यात मांडी मावते, मांडीवरचं बाळ मावतं, बाजूने वाकून बघणारी आजी मावते, शिवाय खिडकीची एक कड येते. दुकानात काउंटरवर ८५ फार गोड दिसते, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवून टाकते. पण दुकानातून आपण समोरच्या फुटपाथवरचा माणूस टिपून बघत असतो. घरात तेवढा फुटपाथ नाही.

‘‘मग ही १८-५५ काय वाईट? ३५ तिच्यातही आहेच की,’’ असं कुणी हुशार भाचा विचारतो. आहे ना. फक्त उजेड नाही. लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा म्हणजे तिच्या फोकल लांबीला तिच्या भोकाने भागलेलं. ३५ची लेन्स एफ १.८ला एकोणीस मिलिमीटर उघडते. झूम त्याच जागी एफ ४.५च्या आसपास अडते, म्हणजे भोक आठ मिलिमीटरचंही नाही. उजेड मोजायचा तर सहापट फरक. आता बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणा. वारं लागू नये म्हणून खिडकी ओढलेली, पडदा सोडलेला, नुकती धुरी दिलेली, कोपऱ्यात एक पिवळा दिवा. या उजेडात झूमचं शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाला येऊन ठेपतं आणि बाळ तेवढ्या वेळात मूठ उघडून मिटून मोकळं होतं. झोपलेलं बाळसुद्धा स्थिर नसतं हे ज्याने जवळ बसून पाहिलंय त्याला ठाऊक आहे. ओठ चोखत असतात, कपाळ आक्रसतं, एकाएकी दोन्ही हात दचकून पसरतात. मोठ्या भोकाच्या लेन्सवर तोच फोटो दीडशेव्या-एकशेसाठाव्या भागाला निघतो आणि मूठ मूठच राहते. ट्यूबलाइटखाली मात्र शंभराव्या भागाच्या वर जपून जावं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात.

माणूस हलतो, मूल तर हलतंच, ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी. १८३९ मध्ये दागेरच्या फोटो काढण्याच्या शोधाची घोषणा झाली तेव्हाच्या लेन्सला इतका कमी उजेड मिळे की चित्र उमटायला मिनिटंच्या मिनिटं लागत. इमारतींना त्याची तक्रार नव्हती. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झ्वल यांनी १८४० मध्ये खास माणसांसाठी लेन्सचं गणित मांडलं, त्या आकडेमोडीला एका आर्चड्यूकने ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशेबात तरबेज जवान मदतीला दिले, आणि फोइग्टलेंडर या लेन्स बनवणाऱ्याने ती घडवली. आधीच्या लेन्सपेक्षा ती पंधरा-वीस पट उजेड आत घेई. म्हणजे जगातली पहिली पोर्ट्रेट लेन्स जन्मली ती माणसाला फार वेळ गप्प बसवत नाही म्हणून. मागचा पडदा धूसर करायची हौस पुढची. पेट्झ्वलच्या लेन्समध्ये चित्राच्या कडा भोवऱ्यात सापडल्यागत गोल फिरतात, तो तिचा दोष होता. आता त्याच दोषासाठी नव्याने बनवलेली पेट्झ्वल लोक चांगले पैसे मोजून घेतात. असो.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. त्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांचे ग्रुप फोटो आपल्या घराघरांत टांगलेले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत पगड्या-पागोटी, नथी, काठ्या सगळं लख्ख असून मधल्या मांडीवरचं धाकटं पोर तेवढं पुसट असतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी यावर एक उपाय काढला होता. एकट्या बाळाचा फोटो हवा, पण बाळ एकटं बसत नाही. तेव्हा आईला खुर्चीत बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत चादर नाहीतर पडदा घालायचा आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचं. फ्रेमच्या लंबगोल पुठ्ठ्यात उरलीसुरली आईही झाकून जाई. असे फोटो आज संग्राहक जमवतात. पुठ्ठा काढून बघितलं की फुलाफुलांच्या कापडाचा एक डोंगर दिसतो, त्या डोंगराला दोन हात फुटलेले असतात आणि त्या हातांनी बाळ घट्ट धरलेलं असतं. बाळाचा चेहरा मजेत. कापडाखाली आई श्वास रोखून बसलेली असणार.

मी हे फोटो पाहिले तेव्हा आधी हसू आलं. मग आपल्याकडचे अल्बम आठवले. चादर नाही, पण आई तिथेही नाही. बाळाचा चेहरा जवळून, बाळाचे तळवे जवळून, कान जवळून; आणि कडेला एक मनगट, दोन हिरव्या बांगड्या, मॅक्सीची किनार. लांबची लेन्स आपोआप हेच करते, कारण तिच्या चौकटीत एकाच चेहऱ्याला जागा असते. आईही म्हणतेच, ‘‘माझा नको हं, काय अवतार झालाय बघ.’’ तिने नको म्हटलं तर त्या दिवशी खरोखर नको. रात्रभर जागलेल्या बाईला फोटोसाठी कुणी आग्रह करू नये. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न्हाणं झालेलं असतं, केस बांधलेले असतात, आणि कुणी पुन्हा विचारावं असं तिला वाटत असतं. तेव्हा विचारावं. बाळ वर्षाचं झालं की स्वतःचे ते तळवे त्याला बघायचे नसतात. तेव्हाची आई कशी दिसत होती ते त्याला पुढे कधीतरी बघायचं असतं. म्हणून माझं मत ३५ला. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर हीच जागा ५० घेते.

याचा अर्थ ८५ टाकाऊ, असा नाही. मोठ्या माणसांचं गणित वेगळं आहे. पणजीला कॅमेरा दिसला की ती पदर सावरते, पाठ ताठ करते आणि थेट १९५५च्या स्टुडिओत जाऊन बसते. तिला ओसरीवर लसूण सोलायला बसवून आपण लांब अंगणात उभं राहावं, तर पाच मिनिटांत ती आपल्याला विसरते. तिथे लांबची लेन्स हवी. शिवाय चेहऱ्याची ठेवण. फोन तीस सेंटिमीटरवर धरून फोटो काढला तर नाकाच्या मानाने दहा सेंटिमीटर मागे असलेले कान पाव हिश्श्याने लहान येतात. दीड मीटरवरून काढला तर सहा टक्केच. पोर्ट्रेट लेन्स चेहरा सुधारते म्हणतात, त्यातली निम्मी करामत तिने आपल्याला मागे ढकलल्याची असते. क्रॉप सेन्सरवर हे काम ५०ची स्वस्त लेन्सही छान करते. दुसरी घ्यायची तर ती.

बाळाला कॅमेरा म्हणजे काय हेच माहीत नसल्यामुळे त्याच्यापासून लांब राहण्याचं कारण उरत नाही. नवजात बाळाला नीट दिसतं ते वीस ते तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. ८५ला फोकस व्हायला सहसा ऐंशी सेंटिमीटर तरी लागतात. तिच्यामागचा माणूस बाळाच्या लेखी धुकं. क्रॉप कॅमेऱ्यांसाठीची निकॉनची जुनी ३५ एफ १.८ तीस सेंटिमीटरवरून फोकस घेते. बाळाची नजर जिथवर पोचते तिथवर तुम्ही जाऊ शकता, आणि त्याला तुम्ही दिसता. पण इतक्या जवळ गेल्यावर एफ १.८चा मोह आवरावा. तीन-चार मिलिमीटरच काय ते स्पष्ट येतं. पापण्या आल्या तर नाकाचा शेंडा गेला, तीट आली तर डोळा गेला. दिवसा पडदा थोडा सारून खिडकीचा उजेड कुशीवरून येऊ द्यावा आणि एफ ४ला जावं. फ्लॅश पिशवीतच राहू द्यावा. आणि पाळण्यावरून सरळ खाली कॅमेरा धरायचाच असला तर त्याचा पट्टा आधी गळ्यात घालावा, ही सूचना नव्हे, दम आहे.

एकाच लेन्सने भागेल का, ही शंका उरतेच. फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायकावर ५०ची लेन्स लावून केलं. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांच्या रोलायफ्लेक्सची लेन्स तर बदलताच येत नसे, आणि त्या कॅमेऱ्यानेही त्यांनी नेहरूंची दिल्ली टिपली. आपल्याला एक खोली टिपायची आहे.

नवी परवडत नसेल तर मुंबईत बोरा बाजारात जुनी मिळते. घेताना एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघावं. आत पांढरे बारीक तंतू फांद्या फुटल्यासारखे पसरलेले दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेची ही देणगी, काचेवरचा लेप खाऊन टाकते. विक्रेता म्हणेल, ‘‘फोटोत येत नाही साहेब.’’ पुष्कळदा येत नाही हे खरं, पण वाढत जाते, म्हणून ठेवून यावी. घरी आणलेली लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, कॅमेऱ्याच्या पिशवीत कोंबून नव्हे.

मग बारसं येतं. पाळण्याभोवती बायकांचं कडं, आत्या आत वाकलेली, बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगतेय, आणि तेवढ्यात बाकीच्या सगळ्या तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या गर्दीत लांबच्या लेन्सला एक कान मिळेल किंवा एक वेणी. ३५ला वाकलेली आत्या मिळते, हवेतले चार हात मिळतात, हसून लाल झालेली बाळाची आई मिळते. मात्र त्या दिवशी कॅमेरा बापाच्या हातात नसावा. एफ ४, शटर एकशेपंचविसावा भाग, आयएसओ ऑटोवर टाकून कॅमेरा शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडे द्यावा आणि आपण पाळण्याची दोरी धरायला जावं. पोरगं दोन-चार काकांची डोकी कापेल. कापू दे.